पातेऱ्याच्या मागोमाग: आंबोली ते तेरेखोल

पहिला दिवस: घाट आणि सडा

अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले होते. चाकरमानी मुंबईला परतले होते, आणि मी आणि माझा भाचा सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढत होतो. तीस वर्षं मी शाळेत फळ्यावर नायट्रोजनचं चक्र काढलं. एक ढग, एक झाड, एक गाय आणि त्यांना जोडणारे चार बाण. मुलांना ते पाठ व्हायचं, मार्कही मिळायचे. पण ते बाण जमिनीवर नेमके कुठून कुठे जातात, हे आपल्याच मुलखात पायी हिंडून एकदा बघायचं, असं निवृत्त झाल्यापासून मनात होतं. घाटमाथ्यावरून निघायचं आणि खाडीपर्यंत उतरायचं, एवढंच ठरवलं होतं.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. आधी हिरण्यकेशीला गेलो. देवळामागच्या गुहेतून पाणी बाहेर येतं, कुंडात थांबतं आणि पूर्वेकडे चालू लागतं. हेच पाणी पुढे घटप्रभेला, तिथून कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. आम्ही आलो त्या घाटातले धबधबे मात्र पश्चिमेला दाणोलीकडे कोसळतात आणि तेरेखोल नदीतून अरबी समुद्राला मिळतात. ढग एकच. त्यातला एक थेंब कड्याच्या अलीकडे पडला तर दीड दिवसात खारा होईल; पलीकडे पडला तर अर्धा देश ओलांडून जाईल.

कुंडाजवळ एक फलक आहे. इथल्या पाण्यात सापडलेल्या एका चिमुकल्या माशाला २०२० साली शास्त्रीय नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. गावकरी त्याला देवाचा मासा म्हणतात. त्याच्यासाठी २.११ हेक्टरचा हा परिसर राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला आहे. देवाचा म्हणून कुणी कधी पकडला नाही, म्हणून शास्त्रज्ञांना तो सापडला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि पुढे चौथ्या दिवशी त्याची पुन्हा आठवण झाली.

संध्याकाळी चौकुळच्या बाजूला सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं कॅल्शियम, पोटॅश, सिलिका असं विरघळेल ते सगळं धुऊन नेलं; मागे उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून हा दगड लाल. त्यात फॉस्फरस असलाच तरी लोह त्याला असा धरून ठेवतं की मुळांना तो सुटता सुटत नाही. अशा दगडावर सप्टेंबरात पायाखाली जागा मिळू नये इतकी फुलं होती.

"मावशी, ही जगतात कशावर?" भाच्याने विचारलं.

आम्ही गुडघ्यांवर बसलो. निळी-जांभळी सीतेची आसवं ओल्या मातीतून वर आली होती. या झाडाला खरी मुळंच नसतात. मातीत असतात बारीक फुगे. एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या केसाला लागला की झडप उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो, पापणी लवायच्या आत. शेजारी दवबिंदूची लालसर रोपं होती, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका पानावर अडकलेलं चिलट. पिवळ्या फुलांचा कवला मात्र शिकार करत नाही. तो हरभऱ्या-तुरीच्या कुळातला. मुळांच्या गाठींमध्ये जिवाणूंना बिऱ्हाड देतो आणि भाडं म्हणून हवेतला नायट्रोजन घेतो. खडकावरचा काळा, निसरडा थर, ज्यावरून पाय घसरतो म्हणून आपण त्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो, त्यातही नीलहरित जिवाणू हेच काम करत असतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि झाडाला त्यातला कणही थेट घेता येत नाही. एका हातभर दगडावर त्यावरचे तीन वेगळे तोडगे दिसत होते.

दुसरा दिवस: रान

सकाळी गावातला एक वाटाड्या बरोबर आला. बेडकांच्या मागे रात्र-रात्र हिंडणारा तरुण. आम्हाला पातेरा बघायचाय म्हटल्यावर जरा थबकला, पण मग त्याने नेलं ते अगदी नेमक्या जागी. अंजनी, जांभूळ, हिरडा, खाली कारवी. आत शिरताच उजेड हिरवा झाला आणि पावलांचा आवाज बंद झाला.

पातेरा म्हणजे झाडाखाली साठलेली वाळकी पानं. देशावर पाचोळा म्हणतात. मी एका अंजनीखाली बसले आणि हाताने एक-एक थर उचलायला सुरुवात केली. वर अखंड पानं, पिवळी, तपकिरी. ती बाजूला केली तर खाली एकमेकांना चिकटलेली ओली पानं, त्यांच्यावर पांढरे ठिपके. त्याखाली पानांच्या नुसत्या जाळ्या. मऊ भाग कुणीतरी खाऊन शिरा तेवढ्या ठेवलेल्या. मग काळा, भुसभुशीत चुरा, त्यात झाडांची केसासारखी मुळं वर आलेली. वर हे मी मुद्दाम म्हणते आहे. मुळं मातीतून वर, पातेऱ्यात चढली होती. आणि त्या चुऱ्याखाली, जेमतेम तीन बोटांवर, लाल जांभ्याची माती. कालच्या सड्यासारखीच नापीक.

मी तिथे बराच वेळ बसून राहिले. एवढं मोठं रान, आणि त्याची शिदोरी तीन बोटं जाड. आपल्याला वाटतं की घनदाट जंगल म्हणजे खाली सकस जमीन. म्हणूनच जंगल तोडून शेत केलं की पहिली दोन-तीन वर्षं पीक बरं येतं आणि मग जमीन रुसते. इथलं धन मुख्यतः झाडांच्या अंगात आणि या पातेऱ्यात आहे. मातीत ते फार काळ मुरत पडत नाही. पडलं की उचललं जातं.

आणि झाड काही पान तसंच टाकून देत नाही. गळण्याआधी पान पिवळं पडतं, कारण झाड त्यातला हरितद्रव्याचा पसारा मोडून नायट्रोजन आणि फॉस्फरस देठातून परत आत घेतं, साधारण निम्मा. उरतं ते चिवट: लिग्निन आणि सेल्युलोज, पानाला नि लाकडाला ताठपणा देणारे पदार्थ. ते फोडणं हे बुरशीचं काम. पातेरा उलटला की दिसणारे पांढरे धागे तिचेच. वाटाड्याने एक कुजकं लाकूड दाखवलं, कापसासारखं पांढरं पडलेलं, बोटाने दाबलं की खचणारं. लाकडातलं लिग्निन विरघळवण्याची ताकद फार थोड्या जिवांत आहे आणि ही बुरशी त्यातली एक. जून-जुलैत काळोख्या रात्री यातली काही लाकडं फिकट हिरवी चमकतात, असं तो म्हणाला. आम्हाला ते पाहायला मिळालं नाही.

बुरशीचे दुसरे धागे झाडांच्या मुळांना जोडलेले असतात. त्या मुळांना फॉस्फरस आणून देतात, बदल्यात साखर घेतात. जमिनीवरच्या बहुसंख्य झाडांचं असं बुरशीशी नातं असतं. पान कुजून जे सुटतं ते पावसात वाहून जायच्या आधीच हे धागे टिपतात.

वाटेत एक वारूळ लागलं, माझ्या कमरेइतकं. वाळवीला आम्ही घरात शत्रू मानतो. इथे ती पानं-काटक्या चावून आत नेते आणि त्या लगद्यावर बुरशीची शेती करते. मग तीच बुरशी खाते. पावसाळ्यात त्या शेतीतूनच वर फुटतात ती अळंबी. आमच्याकडे श्रावणात अळंब्यांसाठी पहाटे उठून रानात जातात आणि जागा शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. म्हणजे ताटातली अळंब्यांची भाजी हा वाळवीने कुजवलेला पातेराच.

पुढे गव्याचं ताजं शेण होतं. शेणकिडे आधीच पोचलेले. एक-दोघं गोळा करून ढकलत होते, बाकीचे शेणाखालीच बिळं खणून ते आत ओढत होते. शेण उन्हात उघडं पडलं तर त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत जातो. किड्यांनी जमिनीत नेला की मुळांपाशी जातो. पैसा किडे वेटोळं करून पडले होते, गांडुळांनी मातीचे बारीक मणी काढून ठेवले होते. भाचा या किड्यांचे फोटो काढत दीड तास हलला नाही.

तिसरा दिवस: पाऊस

सकाळपासून धुकं आणि पाऊस. खोलीत बसलो. आंबोलीत वर्षाला सरासरी ७००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईच्या तिप्पट, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

दुपारी छत्र्या घेऊन थोडं बाहेर पडलो आणि रस्त्याच्या वळणावर एक दृश्य दिसलं. दोन व्हाळ, म्हणजे ओढे, एकाच ठिकाणी रस्त्याखालच्या मोरीत येत होते. एक रानातून येणारा, दुसरा रस्त्यासाठी डोंगर कापलेल्या बाजूने. रानातला व्हाळ इतका पाऊस पडत असूनही नितळ होता. तळाची पानं दिसत होती. दुसरा विटकरी लाल. पाऊस तोच, उतार जवळपास तोच. रानात थेंब आधी पानावर फुटतो, मग फांदीवरून खोडावरून उतरतो, मग पातेऱ्यावर पडतो आणि मुरतो. पानांवरून ओघळताना तो थोडा पोटॅशही धुऊन खाली आणतो, म्हणजे झाड स्वतःच्याच मुळांना खत घालतं. उघड्या डोंगरावर थेंब थेट मातीवर आदळतो आणि ती उचलून घेऊन जातो. ती लाल माती आता तेरेखोलमध्येच जाणार होती.

रानावर वाफ उठत होती. जमिनीत मुरलेलं पाणी झाडं मुळांनी ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात. पाऊस सरल्यावरही रानातली हवा ओलसर राहते ती त्यामुळे.

चौथा दिवस: राई

घाट उतरून बांद्यावरून दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला गेलो. इथे एका देवराईत जायफळाच्या कुळातल्या रानटी झाडांची दलदल आहे. मिरिस्टिका मॅग्निफिका हे त्या झाडाचं शास्त्रीय नाव. जगातल्या संकटग्रस्त झाडांच्या यादीत ते आहे. अशा दलदली मुख्यतः केरळ आणि कर्नाटकात, काही गोव्यात; महाराष्ट्रातल्या मोजक्या दलदलींपैकी ही एक. राज्य सरकारने इथलं २.५९ हेक्टर क्षेत्र वारसा स्थळ केलं आहे.

गावातल्या एका आजोबांनी नेलं. राईच्या तोंडाशी चपला काढल्या. आत थंडगार, आणि चिखलातून जागोजागी मुळं गुडघे मोडून बसल्यासारखी वर आलेली. सतत पाण्याखाली असलेल्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वासासाठी मूळ वर काढतं. दोन दिवसांपूर्वी पाहिलेल्या रानात पान वर्षभरात चुरा होत असेल. इथे हवेअभावी कुजणं मंद. पानं थरावर थर साठतात, त्यातला कार्बन तिथेच राहतो. तेच पान, तोच पाऊस, आणि फक्त प्राणवायू नाही म्हणून चक्र इतकं सावकाश.

राईत वाहणारं पाणी बाराही महिने असतं, असं आजोबांनी सांगितलं. मी विचारलं, इथला पातेरा कुणी नेतं का?

"राईतलो पातेरो कोण नेणा नाय. काडीसुद्धा हाडूची नाय. देवाचो तो."

मला देवाचा मासा आठवला. शेकडो वर्षं कुणी झाडू मारला नाही, कुणी चुलीसाठी फाटी वेचली नाही, अशी जमीन आपल्याकडे किती उरली आहे? राईच्या कुंपणाबाहेर रबर आणि काजू दिसत होते. तिथली माती पायाला कडक लागत होती. राईत पाय घोट्यापर्यंत रुतत होता. शाळेत प्रयोगाला जसा एक न हाताळलेला नमुना बाजूला ठेवतात, तशी ही राई पूर्वजांनी आपल्यासाठी ठेवली आहे, आणि तिच्याशी ताडून पाहिलं की बाहेर आपण काय घालवलं ते कळतं.

पाचवा दिवस: काकीची वाडी

आमचं घर बांद्याच्या खालच्या अंगाला, नदीजवळ. काकी पंचाहत्तरीची आहे. तिच्या वाडीत माड, पोफळी, मिरवेल, केळी, दोन म्हशी. पाट दारावरून जातो. इथे माणूसही चक्रात आहे. मार्चमध्ये काकी वरच्या डोंगरातून पातेरा आणते, भारेच्या भारे. त्यातला काही म्हशींखाली गोठ्यात अंथरते. शेण-मूत मुरून त्याचं खत होतं. काही थेट माडांच्या आळ्यात. सुपारीच्या झावळ्या झाडाखालीच पडू देते.

आम्ही पोचलो तेव्हा ती आळं साफ करत होती. मी तिला रानातली तीन बोटांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मगे वरच्या डोंगराक काय उरला?"

या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. पातेरा वाडीत आला म्हणजे डोंगरातून गेला. पूर्वी डोंगरात झाडं भरपूर होती, नेणारी माणसं थोडी, आणि एक वर्ष इकडून नेलं तर पुढच्या वर्षी तिकडून. आता डोंगराचा बराच भाग काजूखाली आहे आणि काजू वेचायला सोपं जावं म्हणून खालचं सगळं साफ करतात. साफ केलेलं बरेच जण जाळतात. काकीच्या लहानपणी मेपर्यंत असणारा वरचा झरा आता शिमग्यालाच आटतो, असं ती सांगते. त्याला कारणं अनेक असतील, विहिरी, बोअर, सगळं आलंच. पण उघड्या जमिनीत पाणी मुरत नाही हे मी तिसऱ्या दिवशी त्या लाल व्हाळात डोळ्यांनी पाहिलं होतं.

जाळण्याबद्दल मला इथे मोकळेपणाने लिहायचं आहे. पान जळलं की त्यातला बहुतेक नायट्रोजन धुरातून जातो. राख उरते, तिच्यात पोटॅश आणि कॅल्शियम असतं, पण ते पहिल्या पावसातच वाहून जाऊ शकतं. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, आपले शेतकरी भाजावळ करतात, त्या जागेवर पालापाचोळा जाळतात, तिला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. एका लहान तुकड्यात तणाचं बी मरतं आणि रोपाला पहिली झेप मिळते, हा त्यांचा अनुभव आहे. पण त्यासाठी ऐनाची कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून आख्खी झाडं बोडकी करणं, आणि अंगणातला, बागेतला, रस्त्याकडेचा पातेरा केवळ दिसायला बरा नाही म्हणून पेटवणं, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. आळ्यात टाकायला जेवढे कष्ट, तेवढेच पेटवायला.

रात्री काकीने वाल घातलेली अळंबी केली होती. भाच्याने वाळवीची हकिकत सांगितली. काकीला ती ठाऊक होती. वारूळ फोडलं तर दुसऱ्या वर्षी अळंबी येत नाहीत, एवढं शास्त्र ती लहानपणीच शिकली होती.

सहावा दिवस: खाडी

आरोंद्याला तेरेखोलच्या खाडीत होडी घेतली. पलीकडे गोवा. भरती नुकतीच ओसरू लागली होती. पाणी गढूळ, त्यात घाटातली माती असणारच. काठाने कांदळ, तिवर, चिपी. कांदळाची मुळं कमानीसारखी चिखलात उतरलेली. तिवराची श्वासमुळं बोटांसारखी वर आलेली. चौथ्या दिवशी राईतल्या गोड्या चिखलात पाहिला तोच तोडगा इथे खाऱ्या चिखलात. भाच्याने तो माझ्याआधी ओळखला, आणि मला फार आनंद झाला.

चिखलाला कुजक्या अंड्याचा वास येत होता. हवा नसलेल्या चिखलात काही जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा तो वास. लोक नाक दाबतात. मला तो चक्र चालू असल्याचा वास वाटला.

होडीवाल्याने वल्ही थांबवली. एक कांदळाचं पिवळं पान चिखलावर पडलं होतं. एक लहानशी कुर्ली बिळातून आली, पान नांगीत धरलं आणि तिरकं-तिरकं ओढत आत नेलं. खाडीतल्या खेकड्यांच्या बिळांत अशी कितीतरी पानं जातात. जी उरतात ती पाण्यात भिजून, जिवाणू-बुरशीने वेढून हळूहळू तुकडे-तुकडे होतात. मजा अशी की पडलेल्या पानात नायट्रोजन कमी असतो आणि कुजताना तो वाढतो, कारण त्याच्यावर बसलेले सूक्ष्म जीव पाण्यातला नायट्रोजन स्वतःच्या अंगात घेतात. कोळंबीची पिल्लं आणि शेवटे मासे हा चुरा खातात तेव्हा पानापेक्षा पानावरचे जीवच जास्त खात असतात. होडीवाला म्हणाला, चिपी तोडली त्या टोकाला आता सुंगटं, म्हणजे कोळंबी, मिळत नाहीत.

पाण्याला वर जायला वाट आहे. ते वाफ होतं, ढग होतं, पुढच्या जूनमध्ये आंबोलीवर पडतं. समुद्राच्या लाटांवरचं थोडं मीठही वाऱ्याबरोबर जातं. पण घाटातून वाहून आलेला फॉस्फरस वाफ होत नाही. तो वर कसा चढणार? भाच्याने हा प्रश्न विचारला तेव्हा डोक्यावर एक घार पायांत मासा घेऊन काठावरच्या माडाकडे चालली होती. मासे खाणारे पक्षी जिथे बसतात, तिथे झाडाखाली विष्ठा पडते. काठापासून फार आत नाही, पण थोडं तरी.

परतताना मासळीवालीकडून तारले घेतले, पाटीभर. काकीने सगळे खायला घेतले नाहीत. खायचे वेगळे काढले आणि उरलेले, थोडे नरम पडलेले, एका डब्यात. पूर्वी गाडीभर तारले आणून माडांना घालत, आता परवडत नाही, म्हणाली. अंगणात बसून तिने मासे साफ केले, डोकी आणि आतडी त्या डब्यात टाकली. मग कोयता आणि डबा घेऊन कडेच्या माडापाशी गेली, आळ्यात हातभर खड्डा केला, मासळी ओतली, वर माती लोटली, आणि मार्चमध्ये डोंगरातून आणलेल्या पातेऱ्याचा शेवटचा भारा त्यावर पसरला. मासे धुतलेलं पाणीही तिथेच.

"ह्येका फुडल्या पावसापर्यंत बघ," ती म्हणाली आणि हात धुवायला पाटावर गेली.